तळघरातले रॉक आणि चौकटींतले हसू

धागाकर्ता : कोपऱ्यातला श्रोता

गेल्या शनिवारी खारमधील एका तळघरवजा जागेत चार जणांच्या एका स्थानिक रॉक बँडचा कार्यक्रम ऐकला. त्याच आठवड्यात लोकलने येता-जाता ब्रायन ली ओमॅली या कॅनडातील चित्रकाराच्या ‘स्कॉट पिल्ग्रिम’ या विनोदी ग्राफिक नॉव्हेलचा, म्हणजे चित्रांच्या चौकटींतून सांगितलेल्या कादंबरीचा, पहिला भाग वाचून संपवला. दोन्हींनी मनसोक्त आनंद दिला, आणि तो आनंद एकाच जातकुळीचा आहे असे सारखे वाटत राहिल्यामुळे हा धागा काढत आहे. बँडचे आणि जागेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण मला परीक्षण लिहायचे नाही. इतक्या जवळून रॉक ऐकताना नेमके काय घडते, यावर येथील जाणकारांशी बोलायचे आहे.

व्यासपीठ म्हणावे असे तेथे काही नव्हते. जमिनीवर जुना गालिचा अंथरून त्यावर ड्रम मांडले होते, आणि बेस ड्रम प्रत्येक ठोक्यासरशी पुढे सरकू नये म्हणून त्याच्या पुढ्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वीट ठेवली होती. ड्रमच्या पोटात कुणाची तरी चौकड्यांची चादर कोंबलेली स्पष्ट दिसत होती. गाण्यांचा क्रम एका पाठकोऱ्या कागदावर जाड पेनाने लिहून तो चिकटपट्टीने जमिनीला लावला होता आणि पुढच्या रांगेतल्या आम्हा मंडळींना तो उलटा का होईना, पण वाचता येत होता. पुढचे गाणे कोणते हे आम्हांला ठाऊक, आम्हांला ते ठाऊक आहे हे गायकालाही ठाऊक. म्हणून त्याने एकदा मुद्दाम क्रम मोडला आणि आमच्याकडे पाहून भुवया उडवल्या. हजारोंच्या मैदानी कार्यक्रमात ही थट्टा करायला वावच नसतो.

कार्यक्रम रंगात आला असताना गिटारची तार तुटली. मोठ्या कार्यक्रमात अशा वेळी पडद्यामागून कुणीतरी दुसरी गिटार घेऊन धावत येतो. येथे ना पडदा होता, ना दुसरी गिटार. ड्रमवाल्याने ठेका न सोडता आवाज अगदी खाली आणला, बास वाजवणारी मुलगी दोनच सुरांवर घोळत राहिली, आणि गिटारवाला गालिच्यावर मांडी ठोकून नवी तार ओवू लागला. खुंटीची करकर, ताणली जाताना तारेने काढलेला केविलवाणा सूर, आणि ‘अजून थोडी वर घे’ असा एका श्रोत्याने दिलेला आगाऊ सल्ला, हे सगळे माईकशिवाय ऐकू येत होते. तार सुराला लागली, तो उठून उभा राहिला आणि जेथे गाणे सोडले होते तेथेच बरोबर येऊन मिळाला, तेव्हा त्या संध्याकाळच्या सर्वांत मोठ्या टाळ्या पडल्या.

आता पुस्तकाकडे वळतो. या मालिकेचे सहा भाग २००४ ते २०१० या काळात ऑनी प्रेसने प्रसिद्ध केले; मूळ छपाई कृष्णधवल होती, रंगीत आवृत्त्या नंतर निघाल्या. नायक २३ वर्षांचा, टोरोंटोत राहणारा, नोकरीधंद्याचा पत्ता नसलेला, आणि इतका कफल्लक की मित्राच्या खोलीत एकाच गादीवर झोपणारा. तो एका रॉक बँडमध्ये बास वाजवतो आणि तो बँड जेमतेमच आहे, हे खुद्द बँडमधल्यांनाही मान्य आहे. नव्या प्रेयसीच्या सात माजी प्रियकर-प्रेयसींशी एकेक करून लढल्याशिवाय त्याची सुटका नाही, आणि ही सारी युद्धे व्हिडिओ गेमच्या नियमांनी चालतात. पहिला प्रतिस्पर्धी मॅथ्यू पटेल नावाचा आहे, हे वाचून आपल्याकडच्या वाचकाला हसू फुटल्यावाचून राहत नाही. तो बँडचा कार्यक्रम चालू असतानाच अवतरतो, मारामारीच्या मध्यावर हिंदी चित्रपटाच्या थाटात नाचगाण्यासह धमकी देतो, आणि हरल्यावर त्याची चिल्लर होते. खरोखरीच चिल्लर, जमिनीवर पडलेली. नायक ती मोजतो आणि एवढ्याने बसचे भाडेही सुटणार नाही म्हणून कुरकुरतो.

माझे म्हणणे असे आहे. रॉकभोवती गेल्या कित्येक दशकांत जो भव्यतेचा डोलारा उभा राहिला, धुराचे लोट, प्रखर झोत, देवासारखा दूर उभा असलेला गायक, तो जवळून ऐकताना कोसळून पडतो आणि खाली माणसे शिल्लक राहतात. घाम पुसणारी, एकमेकांना डोळ्यांनी खुणावणारी, चुकल्यावर ओठ चावणारी. ओमॅलीचे पुस्तकही हेच करते. त्यात बँडची तालीम आहे, आपसांतली भांडणे आहेत, मोजक्या लोकांपुढचा कार्यक्रम आहे, आणि ही सगळी खटपट हास्यास्पद असूनही किती जीव लावून केली जाते, हे दाखवणारा जिव्हाळा आहे. म्हणूनच मला असे वाटते की रॉकचा खरा बाज लहान खोलीतच कळतो. आपले काय मत?

प्रतिसाद : धोबीतलावकर

लेखन आवडले, तार बदलण्याचा प्रसंग तर डोळ्यांपुढे उभा राहिला. परंतु शेवटच्या वाक्याला माझा सपशेल विरोध आहे.

मी रंगभवनाच्या पिढीचा माणूस आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या शेजारचे ते उघडे नाट्यगृह ज्यांनी भरलेले पाहिले आहे, त्यांना रॉक म्हणजे काय हे निराळे सांगावे लागत नाही. १९८६ मध्ये तेथे ‘इंडिपेंडन्स रॉक’ हे रॉक संमेलन सुरू झाले, ज्याला आम्ही सगळे ‘आय-रॉक’च म्हणत असू. स्वातंत्र्यदिनाच्या सुमाराचे दिवस, म्हणजे पाऊस ठरलेला. डोक्यावर छप्पर नाही, अंगावर काळे टी-शर्ट, पायांखाली चिखल, आणि बोरिवलीपासून अंबरनाथपर्यंतची पोरे एकाच वेळी मान हलवताहेत. ‘रॉक मशीन’ या बँडची स्वतः रचलेली गाणी त्या गर्दीला तोंडपाठ होती. पुढे १९९३ मध्ये तेच ‘इंडस क्रीड’ झाले. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक बँड परक्यांचीच गाणी वाजवीत, त्यामुळे आपल्यातल्याच कुणी लिहिलेले गाणे हजारो गळ्यांतून एकदम उमटणे याला फार मोठा अर्थ होता. तो आवाज चाळीस-पन्नास लोकांच्या तळघरात निघणे शक्य नाही. गर्दी हेसुद्धा एक वाद्य आहे, आणि आपण ते यादीतून वगळले आहे.

आणखी एक गोष्ट नोंदवतो. ही लहान खोली रॉकने आपण होऊन निवडलेली नाही. केंद्राच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला, आणि उघड्यावर रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. रंगभवनाच्या आसपास रुग्णालयही आहे आणि महाविद्यालयही. तेथील कार्यक्रम त्यापायी बंद पडले. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही, कारण रुग्णाच्या उशाशी कोणी गिटार वाजवू नये, हे मलाही पटते. पण त्यानंतर या शहरात रॉकला तशी हक्काची उघडी जागा राहिली नाही आणि बरेच बँड बंद दाराआड गेले. ज्याला आपण जवळीक म्हणता, ती पुष्कळशी अडचणीतून आलेली आहे.

हे सांगून झाल्यावर प्रामाणिकपणे आपल्या बाजूचा एक पुरावाही देतो. १९७२ च्या ऑक्टोबरमध्ये ‘लेड झेपलिन’ या ब्रिटिश रॉक बँडचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले होते. येथील वादकांना घेऊन त्यांनी आपल्या दोन गाण्यांचे ध्वनिमुद्रण केले, जे २०१५ मध्ये अधिकृतपणे बाहेर आले. त्याच मुक्कामात कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’ नावाच्या छोट्या डिस्कोथेकमध्ये ते दोघे मिळेल त्या वाद्यांवर वाजवून गेले. त्या काळी ज्यांच्या कार्यक्रमांना परदेशात अफाट गर्दी लोटत असे, त्यांना मूठभर मुंबईकरांनी हाताच्या अंतरावरून ऐकले. माझा थोरला भाऊ तेव्हा रात्रीची शिफ्ट करत होता, आणि ती संधी हुकल्याचे दुःख तो अजून उगाळत असतो.

प्रतिसाद : ठाणेकरीण

धागा आणि प्रतिसाद दोन्ही रंगतदार. मी रॉक फारसे ऐकत नाही, पण भाच्याच्या हट्टापायी अशा एका कार्यक्रमाला गेले होते आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कानांत शिट्टी वाजत होती. तेवढी जवळीक मला सोसवली नाही. धोबीतलावकर काका म्हणतात तशा उघड्या मैदानात निदान मागे सरकता तरी येते. तळघरात मागे सरकले की भिंत लागते.

प्रतिसाद : मंद्रसप्तक

ठाणेकरीण ताईंच्या कानांचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी कार्यक्रमांच्या ध्वनिव्यवस्थेचे काम करतो, आणि लहान जागा हे आमच्या धंद्यातले सर्वांत कटकटीचे प्रकरण आहे.

मोठ्या मैदानात ध्वनिव्यवस्थापकाच्या हातात सर्व काही असते, कारण तेथे स्पीकरमधून जे बाहेर पडते तेच लोकांपर्यंत पोहोचते. लहान खोलीत ड्रमला माईक न लावताही त्याचा आवाज सगळ्यांच्या छातीवर आदळतो. म्हणजे आवाजाची खालची पातळी ड्रमवाला ठरवतो, मी नाही. त्याच्या वर गिटार ऐकू यावी म्हणून गिटार वाढते, गिटारच्या वर गायकाचे शब्द कळावेत म्हणून माईक वाढतो, माईक वाढला की त्यात झांजांचा झणझणाट शिरतो, आणखी वाढवला की शिट्टी घालतो. आणि या चढाओढीच्या शेवटी श्रोता कानांवर हात ठेवून उभा असतो. म्हणून लहान जागेत चांगला ऐकू येणारा बँड दिसला की समजावे, त्यांचा ड्रमवाला शहाणा आहे. धागाकर्त्यांनी चादर आणि वीट टिपली, ते पाहून फार बरे वाटले. चादरीमुळे बेस ड्रमची घुमण्याची शेपटी तुटते आणि ठोका स्वच्छ येतो. तार बदलत असताना त्याने ठेका चालू ठेवून आवाज खाली आणला, असे त्यांनी लिहिले आहे. ते ऐकायला साधे वाटते, पण हळू वाजवताना लय न पडू देणे हे जोरात वाजवण्यापेक्षा कितीतरी अवघड असते.

उभे कोठे राहावे, हेही सांगतो. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सुमारे ४१ हर्ट्झचा असतो आणि त्याची लहर ८ मीटरहून लांब असते. एवढी लहर लहान खोलीत मावत नाही. ती भिंतींवरून परतते, स्वतःलाच येऊन मिळते आणि कोपऱ्यांत साचते. त्यामुळे कोपऱ्यात बास अवास्तव फुगलेला ऐकू येतो, आणि खोलीच्या मध्याकडे काही जागा अशा सापडतात की तेथे तो जवळजवळ नाहीसा होतो. धागाकर्त्यांनी घेतलेले नाव पाहता त्यांना हे सांगायला जड जाते, पण कोपरा ही सर्वांत वाईट जागा आहे. भिंतीपासून थोडे पुढे, दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर उभे राहावे. जागा माणसांनी भरली की आवाज आपोआप सुधारतो, कारण कपडे आणि शरीरे वरचे कर्कश सूर शोषून घेतात. दुपारी रिकाम्या खोलीत आम्ही जे जुळवून ठेवतो, ते संध्याकाळी पुन्हा नव्याने जुळवावे लागते ते यामुळेच.

आणि कानांविषयी गांभीर्याने. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेच्या मानकानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाकाठी ८ तास सोसण्याची मर्यादा आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी होत जाते. म्हणजे १०० डेसिबलला अवघी १५ मिनिटे. बंद खोलीतले रॉक हा आकडा सहज गाठते. संगीतासाठी म्हणून वेगळे मिळणारे इअरप्लग सगळे सूर साधारण सारखेच कमी करतात, त्यामुळे गाणे बोथट होत नाही. मी स्वतः ते घातल्याशिवाय कामाला उभा राहत नाही, आणि ते घालण्यात कोणी कमीपणा मानू नये.

प्रतिसाद : शाईचा डाग

धाग्याचा दुसरा अर्धा भाग अजून कोणी उघडलाच नाही, म्हणून मी तिकडे वळते. मी व्यंगचित्रे आणि पुस्तकांसाठी चित्रे काढते, तेव्हा माझा कल कोणीकडे आहे हे आधीच सांगून ठेवते.

‘स्कॉट पिल्ग्रिम’ला विनोदी म्हणताना बहुतेकांचे लक्ष संवादांकडे जाते, पण त्यातला विनोद मुख्यतः चौकटींच्या मांडणीतून येतो. एखादे पात्र काही तरी मूर्खासारखे बोलते; पुढच्या चौकटीत कोणीच काही बोलत नाही, फक्त समोरच्याचा निर्विकार चेहरा; आणि मग तिसऱ्या चौकटीत उत्तर. मधली मुकी चौकट काढून टाकून पाहा, विनोद जागच्या जागी मरतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी कॉमिक्सच्या कलेवरील आपल्या १९९३ च्या पुस्तकात दोन चौकटींमधल्या कोऱ्या पट्टीबद्दल सविस्तर लिहिले आहे: कृती त्या रिकाम्या जागेत घडते, आणि ती घडवणारा वाचक असतो. बँडच्या भाषेत सांगायचे तर ती रिकामी पट्टी म्हणजे ठोक्यांमधली विश्रांती. ती कुठे ठेवायची आणि केवढी ठेवायची, यात चित्रकाराचे सगळे कसब असते.

हे तंत्र आपल्याकडे परदेशातून आले असे कुणी समजू नये. ‘आवाज’च्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रे आठवा. पानाला खिडकी कापलेली, तिच्यातून आतल्या चित्राचा तेवढाच चावट भाग दिसणार, आणि पान उलटले की सगळा प्रकार अगदी सोवळा निघणार. आमच्या घरी तो अंक मोठी माणसे आधी चाळत आणि मग मुलांच्या हाती देताना विनाकारण खाकरत. पान उलटायला लागणारा जो क्षण आहे, त्यावर संपूर्ण विनोद तोललेला असतो. ओमॅलीही धक्का राखून ठेवतो तो पान उलटल्यावरच्या बाजूला. आणि शि. द. फडणीसांनी एक शब्द न वापरता, साडीवरची मांजरे आणि शर्टावरचे उंदीर एवढ्यावर अख्खा प्रसंग उभा केला, त्याला तर कोणत्या चौकटीचीही गरज पडली नाही.

मात्र धागाकर्त्यांच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत नाही. तळघरात वेळ बँडच्या ताब्यात असतो. ते थांबले की आपण थांबतो. पुस्तकात वेळ माझ्या ताब्यात असतो. एकाच मुक्या चौकटीवर मी दादर ते अंधेरी रेंगाळू शकते, आणि कंटाळा आला तर मारामारीची दहा पाने झरझर उलटून टाकते. हा फरक बारीकसारीक नाही. बँडला आपला विनोद त्या क्षणी, त्या लोकांसमोर साधावा लागतो. फसला तर फसला. चित्रकाराला तो शेकडो अनोळखी वाचकांच्या शेकडो वेगांत टिकेल असा बांधावा लागतो. आपल्याला झालेला आनंद दोन्हीकडे सारखा असेलही, पण तो तयार करणाऱ्यांचे काम अगदी निराळे आहे.

एक अवांतर. मूक कागदावर संगीत कसे काढायचे, हा आमच्या धंद्यातला जुना पेच आहे. सोपा मार्ग म्हणजे हवेत तरंगणारी स्वरचिन्हे आणि तडतडणारी अक्षरे. चांगला मार्ग म्हणजे ऐकणाऱ्यांचे चेहरे काढणे. कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारच्या भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रे आहेत. त्यांच्या गर्दीतली एकेक व्यक्ती आपापल्या उद्योगात कशी मग्न असते ते पाहावे. कोणी ऐकतो आहे, कोणी ऐकल्याचे नाटक करतो आहे, कोणाचे लक्ष शेजारच्या टेबलावरच्या बशीत आहे. अशी गर्दी काढता आली, तर गाणे काढावेच लागत नाही.

प्रतिसाद : रविवारवाचक

शाईचा डाग यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला आहे.

मी एवढीच भर घालतो की ‘स्कॉट पिल्ग्रिम’चा पहिला भाग आला त्याच २००४ मध्ये आपल्याकडे सारनाथ बॅनर्जी यांचे ‘कॉरिडॉर’ प्रसिद्ध झाले. दिल्लीच्या कनॉट प्लेसमधला एक जुन्या पुस्तकांचा विक्रेता आणि त्याच्या दुकानात येणारी, काही ना काही शोधत भटकणारी माणसे असा त्याचा ऐवज आहे. विनोद कोरडा, काहीसा तिरकस. मारामारी अजिबात नाही. मुंबईचेच हवे असेल तर अभिजीत किणी यांची ‘अँग्री मावशी’ वाचावी. संतापलेली मराठमोळी मावशी शहरातल्या नाठाळांना वठणीवर आणते, आणि तो संताप आपल्यापैकी प्रत्येकाने रस्त्यावर कधी ना कधी गिळलेला असतो. ज्यांचे बालपण इंद्रजालच्या वेताळावर आणि पुढे ‘चिंटू’वर गेले, त्यांना या पुस्तकांची गोडी लागायला वेळ लागत नाही. आमच्या पिढीची अडचण वेगळीच आहे: चित्रांचे पुस्तक प्रौढ माणसाने लोकलमध्ये उघडले की शेजारचा प्रवासी आधी पुस्तकाकडे आणि मग आपल्या पांढऱ्या केसांकडे पाहतो.

प्रतिसाद : कोपऱ्यातला श्रोता

सर्वांचे आभार. मंद्रसप्तक यांनी कोपऱ्यातून हुसकावून लावल्यामुळे आता नाव बदलावे काय, हा विचार चालू आहे.

धोबीतलावकर काका, गर्दी हे वाद्य आहे हे मला मान्य आहे. पण त्या वाद्याचा सूर एकच असतो. हजारो लोक एकदम गातात तेव्हा अंगावर काटा येतो, मात्र त्यातला कोणीही गायकाला ‘अजून थोडी वर घे’ असे सांगू शकत नाही. अडचणीतून आलेली गोष्ट कमअस्सल ठरते, हेही मला पटत नाही. सत्तरच्या दशकात दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात प्रायोगिक नाटके होऊ लागली, तीही मोठी नाट्यगृहे परवडत नव्हती म्हणूनच. नट आणि प्रेक्षक यांच्यातले अंतर तेथे इतके कमी झाले की अभिनयाची पट्टीच खाली आली, आणि मराठी नाटकाला त्या खालच्या पट्टीतून बरेच काही सापडले. रॉकच्या बाबतीत तसे काही घडते आहे का, हे मी पाहतो आहे. लोअर परळच्या मथुरादास मिलच्या आवारात २००७ ते २०१६ या काळात ‘ब्लू फ्रॉग’ होते, तेथे श्रोते रंगमंचाभोवती गोलाकार बसत आणि ध्वनियोजना चोख असे. त्या काळात स्वतःची गाणी वाजवणारे बँड ऐकण्याची सवय शहराला लागली, ती बरीचशी अशाच जागांमुळे. आज ‘अभंग रिपोस्ट’सारखी मंडळी तुकोबांचे शब्द गिटार आणि ड्रमच्या साथीने गातात, तेव्हा शब्द कळणे हेच मुख्य असते, आणि शब्द जवळूनच कळतात.

शाईचा डाग यांच्या हरकतीवर मी बराच विचार केला. वेळ कोणाच्या ताब्यात, हा फरक खरा आहे. तरीही ती तार तुटली तेव्हा काही मिनिटांपुरती वेळ बँडच्या ताब्यातूनही निसटली होती. पुढची चौकट केव्हा येणार हे त्यांनाही माहीत नव्हते आणि आम्हांलाही. मला त्या प्रसंगात जी मजा आली, ती बहुधा याचीच होती. अर्थात हा अपघात होता आणि तो रोज घडवता येणार नाही. चित्रकार मात्र तो रोज घडवतो, हा तुमचा मुद्दा मी पदरात घेतो.

प्रतिसाद : धोबीतलावकर

छबिलदासचा दाखला देऊन आपण मला अडचणीत टाकले, कारण तेथे मीही बाकड्यांवर बसून नाटके पाहिली आहेत. ठीक आहे. पुढचा कार्यक्रम असेल तेव्हा कळवा, येईन म्हणतो. इअरप्लग आणीन, मध्यभागी उभा राहीन, आणि मनाजोगते वाजले नाही तर येथे येऊन तसे स्पष्ट लिहीन. फक्त एक सांगा, तेथे बसायला काही असते का? गुडघे आता आय-रॉकच्या वयाचे राहिले नाहीत.

प्रतिसाद : मंद्रसप्तक

काका, अशा बहुतेक जागांत मागे दोन-चार उंच स्टुले असतात, पण ती लवकर जाणाऱ्यांना मिळतात. दारे उघडण्याच्या वेळेला पोहोचा आणि मधल्या रांगेच्या मागचे स्टूल धरा; भिंतीला टेकलेले घेऊ नका. शेवटचे गाणे संपायच्या आधी निघायची वेळ येऊ नये म्हणून परतीच्या गाडीची वेळ तेवढी पाहून ठेवा.

प्रतिसाद : ठाणेकरीण

हा धागा वाचून भाच्यासाठी ‘स्कॉट पिल्ग्रिम’चा पहिला भाग मागवला आणि त्याच्या आधी मीच वाचून काढला. ज्यांना मूल लहान आहे त्यांना सूचना: हे पुस्तक कुमारवयाच्या पुढच्यांसाठी आहे, त्यातली प्रेमप्रकरणे आणि भाषा चिंटूची नव्हे. मला स्वतःला सर्वांत आवडली ती बँडच्या तालमीची पाने. तेथे एका गाण्याचे कॉर्ड्‌स चक्क छापून दिले आहेत, वाचकाने घरबसल्या बँडबरोबर वाजवावे म्हणून. भाच्याने लगेच गिटार काढली आणि परवा संध्याकाळभर आमच्या दिवाणखान्यात तेच गाणे चालले होते. अखेर शेजारच्या आजींनी बेल वाजवून, हे संपते केव्हा, अशी चौकशी केली. तेवढे मात्र पुस्तकात छापलेले नाही.